पिशवीतली टॉफी

माझ्या वडिलांची जीभ आमच्या घरात एखाद्या मानाच्या पाहुण्यासारखी राहत असे. तिला भाजू नये म्हणून चहा आधी बशीत ओतून गार केला जाई. सर्दीनं तिची चव जाऊ नये म्हणून हिवाळाभर घरात दही विरजलं जात नसे. तंबाखू, सुपारी आणि कच्चा कांदा यांना तर दारातूनच परत जावं लागे. आई चिडली की म्हणायची, "मला सासू न्हवती, म्हणून देवानं ही जीभ दिली." वडील यावर काही बोलत नसत. एकूणच ते कमी बोलत.

एवढं कौतुक व्हायचं कारण म्हणजे वडिलांची नोकरी. फलटणच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात, एक चॉकलेटचा कारखाना आहे. तिथे वडील टॉफीचा पाक करायचे. साखर, दूध, लोणी कढईत पडलं की पुढचं सगळं त्यांच्या हातात. कढई कधी उतरवायची हे तेच सांगत आणि पाक थंड करायच्या लोखंडी टेबलावर पसरला की पहिला तुकडा तेच तोंडात टाकत. त्यांनी मान हलवली की माल पुढे जाई, नाही हलवली की साहेबसुद्धा गप्प बसत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच केलं.

कारखान्याभोवती कॉलनी होती आणि माझं लग्न होऊन सांगलीला येईपर्यंत माझं जग तेवढंच होतं. तीन ओळी क्वार्टर्स, एक शाळा, एक दवाखाना, एक मारुतीचं देऊळ आणि सगळ्यांना एकदम उठवणारा भोंगा. ओळींना कंपनीनं नंबर दिले होते, पण लोकांनी ते कधी वापरले नाहीत. लिंबाच्या गोळ्या करणारे राहत ती गोळी लाइन, आमची टॉफी लाइन आणि साहेब लोकांची चॉकलेट लाइन. गोळी लाइनीतल्या मुलाला टॉफी लाइनीतली मुलगी मागायची तर मध्यस्थ फार जपून बोलायचा. चॉकलेट लाइनीतले लोक तर आमच्याकडे फक्त हळदीकुंकवाला यायचे आणि तेही उभ्याउभ्या.

कारखाना कसा निघाला याचा इतिहासही ओळीप्रमाणे बदलायचा. गोळी लाइनीत सांगत, मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिली कढई स्वतः ढवळली. टॉफी लाइनीत सांगत, ढवळली हे खरं, पण करपवली. चॉकलेट लाइनीत सांगत, मालक कढईपाशी गेलेच नाहीत, त्यांनी फक्त बाहेरून यंत्रं मागवली आणि म्हणून तर कारखाना टिकला. शाळेत यावर निबंध असायचा. गुरुजी गोळी लाइनीचे असल्यामुळे आम्हाला मालकांच्या हातात कलथा द्यावाच लागे.

गोडाच्या गावात राहण्याचे आमचे काही नियम होते. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, नाहीतर मुंग्या माणसासकट पलंग उचलून नेतील असं वाटे. सगळ्या जगात झेंडावंदनाला मुलांना चॉकलेट वाटतात, आमच्या शाळेत मूठभर चिवडा मिळे आणि आम्ही त्यासाठी भांडायचो. शेजारच्या गावातली मुलं आमच्याकडून टॉफी घेऊन आम्हाला भुईमुगाच्या शेंगा देत, तेव्हा आम्हाला वाटे, किती भोळी आहेत ही.

आणि दर शनिवारी पिशवी यायची. कारखान्यात फुटलेला, वाकडा झालेला माल कंपनी विकत नसे. तो कामगारांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाटला जाई. फाटकावर प्रत्येकाच्या कापडी पिशवीत एक मोठं माप ओतत. त्यात सगळंच असे. संत्र्याच्या गोळीचे चुरे, पेपरमिंटचे तुकडे, चॉकलेटच्या वड्यांचे कोपरे आणि टॉफी. उन्हाळ्यात घरी येईपर्यंत त्याचा एकच गोळा व्हायचा. आई तो खलबत्त्यात फोडायची आणि आम्ही आठवडाभर खायचो. कागदात गुंडाळलेला माल मात्र फाटकाबाहेर यायची सक्त मनाई होती. कुणाच्या क्वार्टरमागे टॉफीचा चकचकीत कागद सापडला तर चौकशी होई. त्यामुळे कॉलनीत कागदातली टॉफी म्हणजे चोरीची टॉफी. ती दुकानात मिळते हे आम्हाला माहीत होतं, पण घरात पिशवी असताना दुकानातून टॉफी आणणारा माणूस आमच्यात वेडाच ठरला असता.

पुढे सगळ्याच गोष्टींचं होतं तसं झालं. कंपनी मोठ्या कंपनीकडे गेली, पाकाची कामं यंत्रं करू लागली आणि जुनी टॉफी बंद झाली. वडील निवृत्त होऊन आईसह कडेगावला घरच्या उसाकडे परतले. क्वार्टर्सना कुलपं लागली. कडेगावात मात्र वडिलांच्या जिभेचा दरारा वाढला. लग्नघरी आचारी पातेल्यातला रस्सा आधी त्यांना आणून देत. वडील डोळे मिटून चाखत, थोडा वेळ थांबत आणि "मीठ जरा बघ" म्हणत. आचारी मीठ बघत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर काही महिन्यांनी मी कडेगावला गेले होते. आई देवळात गेली होती म्हणून मी चहा केला. दूध नासलेलं आहे हे मला पहिल्या घोटाला कळलं आणि मी मोरीकडे पळाले. परत आले तर वडिलांनी बशी संपवली होती.

"फक्कड झालाय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग कपात राहिलेली गुठळी पाहिली आणि त्यांची मान खाली गेली.

"तापापासनं," ते म्हणाले. "वास न्हाई, चव न्हाई. कायच न्हाई. तुझ्या आईला बोलू नगंस."

"आवं आबा, पण तिला सांगायला काय हरकत हाय?"

"ती म्हणंल, मग आता तुमचा उपेग काय."

त्यांनी हे हसत म्हटलं, पण मला हसू आलं नाही. डोळे तपासायच्या नावाखाली मी त्यांना सांगलीला नेलं आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही कदाचित. मी शाळेत विज्ञान शिकवते. असलं उत्तर मुलांनी लिहिलं तर मी अर्धा गुण देते.

घरी वडिलांनी सोंग चोख वठवलं. आमटीत मीठ कमी आहे, भाजी जरा उग्र झाली, ताक आंबलंय, असं काहीतरी ते दर जेवणात अंदाजानं बोलत. आई बिचारी मीठ कमी-जास्त करत राहिली. मी जेवायला गेले की आईकडे न बघता ताट संपवायची, कारण मी शब्द दिला होता.

अशात कंपनीतून फोन आला. नव्या मालकांना जुनी टॉफी पुन्हा काढायची होती आणि कारखान्यातली एक खोली रंगवून त्यात कॉलनीच्या इतिहासाचं दालन करायचं होतं. टॉफीच्या कृतीची जुनी वही सापडली होती, तिच्यावरून माल करून झाला होता. पण चव तीच आहे का, हे सांगायला जुनी माणसं हवी होती. कॉलनीतल्या दहाबारा म्हाताऱ्या जोडप्यांना बोलावणं होतं आणि शेवटचा शब्द वडिलांचा, असं साहेबांनी मुद्दाम सांगितलं. आईनं ही बातमी संध्याकाळपर्यंत निम्म्या कडेगावात पोचवली. वडील दोन दिवस उसाकडे जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "तू ये संगं," एवढंच म्हणाले.

बेत मीच रचला आणि तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता. मी त्यांच्या शेजारी बसायचं, टॉफी खायची आणि टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दाबायचा. एकदा दाबला तर बरोबर, दोनदा दाबला तर चूक. मीही टॉफी लाइनीत वाढलेली, ती चव माझ्या हाडात मुरलेली होती. वडिलांनी विचारलं, "तुला याद हाय नक्की?" मी म्हणाले, "आबा, झोपेत सांगीन." शिक्षकाला असा आत्मविश्वास असावा लागतो.

त्या दिवशी मी सांगलीहून पहाटे निघाले, कडेगावला दोघांना गाडीत घेतलं आणि दहिवडीवरून मोगराळ्याचा घाट उतरून आम्ही अकराला कारखान्यात पोचलो. आई नवी साडी नेसून माझ्याशेजारी पुढे बसली होती आणि वाटेत दिसेल त्या गोष्टीबद्दल बोलत होती. मागे वडील इतके गप्प होते की मी आरशात दोनदा बघून घेतलं.

कँटीनमध्ये लांब टेबलं मांडली होती. पॅकिंगला असलेले एक काका, भट्टीवरचे दुसरे एक, त्यांच्या बायका, सगळे कापसासारख्या केसांचे. तरीही गोळी लाइन एका बाजूला आणि टॉफी लाइन एका बाजूला बसली होती. चॉकलेट लाइनीचे एकच साहेब आले होते, ते पंख्याखाली. कार्यक्रम बघणारा तरुण साहेब पुण्याहून आलेला, हातात टॅब, तोंडात "आजी", "आजोबा". त्यानं प्रत्येकासमोर बशीत एक एक टॉफी ठेवली. सोनेरी कागदातली.

पहिली गडबड तिथेच झाली. कुणी हातच लावेना. पॅकिंगच्या काकांनी तर सवयीनं फाटकाकडे बघितलं. साहेबाला काही कळेना. शेवटी त्यानं सांगितलं, "घ्या ना, तुमच्यासाठीच आहे," तेव्हा कागद सुटले.

मी टॉफी तोंडात टाकली. गोड होती, दुधाळ होती, छान होती. पण ती नव्हती. काहीतरी कमी होतं, अगदी ठळक. मी टेबलाखाली पाय दोनदा दाबला.

"ही न्हाई ती," समोरून पॅकिंगचे काका म्हणाले.

"व्हय, न्हाईच," आई म्हणाली. "आमच्या टॉफीनं तोंड कसं गार व्हायचं."

"आन् मागनं जरा आंबूस लागायचं," भट्टीवाल्या काकांची बायको म्हणाली. चॉकलेट लाइनीच्या साहेबांनीही मान डोलावली. तीनही ओळींचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तरुण साहेब टॅबवर लिहून घेत होता, गार, आंबट. मग म्हणाला, "वहीत तर असं काही नाही. पण तुम्ही सगळेच म्हणताय तर आपण पेपरमिंट आणि संत्र्याचा अर्क घालून पुढचा माल करू. आबा, तुमचं काय मत?"

सगळे वडिलांकडे वळले. वडिलांनी अजून टॉफी खाल्लीच नव्हती. त्यांनी ती कागदातून काढून खिडकीच्या उजेडात धरली होती. मग बशीच्या काठावर हलकेच आपटली आणि कान तिरका करून ऐकली. मग दाढेखाली धरून मोडली आणि अर्धा तुकडा जिभेवर ठेवून बराच वेळ तसेच बसले. मला वाटलं, इशारा कळला नाही. मी पुन्हा दोनदा पाय दाबला, या वेळी जोरात.

वडिलांनी पाय बाजूला घेतला.

"हीच ती," ते म्हणाले.

एकच कालवा झाला. "आवं, पेपरमिंट कुठं हाय यात?" आई म्हणाली. "सगळी म्हणत्यात न्हाई म्हणून, आन् तुमी एकटंच..."

"पेपरमिंट हुतंच कवा?" वडिलांनी आवाज चढवला. तसा तो मी क्वचितच ऐकला होता. "तुमी कुणी ही टॉफी कागदातली खाल्लीय का कदी? सांगा की. सगळ्यांनी पिशवीतली खाल्लीय. पेपरमिंटच्या चुऱ्यात लोळलेली, संत्र्याच्या गोळीला चिकटलेली. ती चव पिशवीची हाय. टॉफीची ही हाय."

इतकी माणसं, आयुष्यभर हीच टॉफी करणारी, गुंडाळणारी, खोक्यात भरणारी, आणि तिची खरी चव वडिलांखेरीज एकालाही माहीत नव्हती. मलाही नव्हती. माझा पाय मी हळूच खुर्चीखाली घेतला. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

तरुण साहेब मात्र खूश झाला. आता वडिलांचं निभावलं होतं. शब्द खरा ठरला, गुपित शाबूत राहिलं, आता घरी जायचं. पण साहेब उत्साहात म्हणाला, "आबा, कमाल आहे तुमची! आपण असं करू, टॉफीच्या डब्यावर तुमचा फोटो टाकू. खाली लिहू, ज्या जिभेनं ही चव जपली, तिचीच पसंती."

आईनं पदर सारखा केला. डब्यावर जायला ती तयारच होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. वडील तिच्याकडे बघत राहिले. मग पाठ वाकवून ते टॉफीचा कागद बोटांनी सपाट करू लागले.

"तसलं कायबी छापू नगा, साहेब," ते म्हणाले.

"का हो?"

"मला चव येत न्हाई. दोन वर्सं झाली. आताबी तोंडात काय हाय त्ये मला ठावं न्हाई." त्यांनी कागद बशीत ठेवला. "रंग बघितला, आवाज ऐकला. दाढंखाली कशी मोडती ती बघितली. त्यावरनं सांगितलं. खोटं न्हाई सांगितलं, पर जिभंचं नाव घालू नगा."

मग आई बोलली.

"म्हंजी माझ्या आमटीत मीठ कमी हाय, ह्ये कशावरनं कळत हुतं?"

"कवातरी कमी असंलच की," वडील म्हणाले.

आधी पॅकिंगचे काका हसले, मग सगळंच कँटीन. आई हसली नाही. तरुण साहेबानं टॅब बाजूला ठेवला आणि रंग, आवाज हे सगळं पुन्हा दाखवायला सांगितलं. वडिलांनी दाखवलं. त्यांच्या मागोमाग सगळी म्हातारी माणसं आपापली टॉफी बशीवर टकटक वाजवून कानाशी नेऊ लागली. साहेबानं मोबाइलवर चित्रीकरण केलं. डब्यावरच्या फोटोचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही आणि तो का निघाला नाही हे वडिलांना नीट कळलं होतं. निघताना ते माझ्या हाताला धरून चालत होते. एवढी वर्षं जिभेला सांभाळणारा माणूस मला त्या क्षणी अगदी रिकामा वाटला.

प्रत्येकाला टॉफीचा एक डबा दिला होता. गाडीपाशी आल्यावर आईनं पुढचं दार उघडलंच नाही. ती मागे वडिलांशेजारी जाऊन बसली. मला वाटलं, भांडण आता जवळून होणार. मी गाडी सुरू केली. घाट लागेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. वडील हात मांडीवर ठेवून बसले होते.

घाटाच्या पहिल्या वळणावर मला कागदाचा आवाज आला. आईनं डबा उघडला होता. तिनं एक टॉफी सोडून वडिलांच्या हातावर ठेवली, एक आपल्या तोंडात टाकली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"खावा," ती म्हणाली.

"मला काय कळणार?"

"खावा म्हणते न्हवं."

त्यांनी टॉफी तोंडात ठेवली. मग आई, अजून रागातच, बाहेर बघत बोलली, "आता नुसती गोड हाय."

मी गाडी हळू केली.

"आता दूध आलं," ती म्हणाली. "म्हशीचं वाटतंय."

"म्हशीचंच," वडील म्हणाले.

"जरा करपट लागतंय."

"किती?" ते एकदम तिच्याकडे वळले. "पाक तळाला जरा धरू द्यायचा असतो. किती करपट?"

आईनं विचार केला. "भाकरीला बारीक डाग पडतो न्हवं, तेवढं."

"मग बराबर हाय," वडील म्हणाले आणि मागे टेकले. आरशात मला दोघांचे फुगलेले गाल दिसत होते. वडिलांनी डोळे मिटले होते, कढईपाशी मिटायचे तसे. तेवढ्यात आईच्या तोंडातून कुडुमकुडुम आवाज आला आणि त्यांनी घाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"चावू नगंस," ते म्हणाले. "हळू खा."